उघड्या दाराचा खुलासा

आदरणीय सिस्टर फिलोमिना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या कॅथलिक विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या पेपरला दार बंद ठेवायचा नियम असूनही कॅमेऱ्यात माझ्या खोलीचं दार उघडं दिसलं, म्हणून तुम्ही खुलासा मागितला. मी 'उकाड्यामुळे' असं कळवलं. ते खोटं होतं.

मी किल्लारीची. भूकंपात आमचं दार चौकटीत अडकलं. धाकटा भाऊ नागसेन आतून हाका मारत होता आणि नऊ वर्षांची मी बाहेरून कडी ओढत होते. दार उघडलं नाही. तेव्हापासून मी घरातलं एकही दार लावू देत नाही. माझी मुलगी महामाया इथं लातुरात नीटच्या क्लासला जाते. अभ्यासाला ती दार लावून बसते, मी जाऊन उघडते, आणि रोज आमचं भांडण होतं.

हे वाचून तुम्ही मला सवलत द्याल, म्हणून हे पत्र मी पाठवणारच नाही. पेपर मला सगळ्यांसारखाच द्यायचाय.

उद्या दुसरा पेपर. आज महामायेला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू दार लाव, आई. मी बाहेरच बसून राहते. तू हाक मारलीस की उघडते."

आपली विद्यार्थिनी,
संघमित्रा सूर्यवंशी
स्टाफ नर्स, लातूर