लोगो मधोमध

शहादा, मंगळवार संध्याकाळ

शेठच्या कापड दुकानाचं ॲप मीच बनवतोय. वरच्या पट्टीत लोगो मधोमध बसेना. डावीकडे मागे जायचा बाण, तो लोगोला उजवीकडे ढकलतो. शेठची मुलगी कोमल बघून म्हणाली, "लोगो सरकेल दिखी ऱ्हायना, भाऊ!" सरकलेला दिसतोय म्हणे.

भाऊ? मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा माझ्यासाठी रडली होती ही. आता दुसऱ्याशी साखरपुडा झाला तर मी भाऊ!

मोबाइल आपटणार होतो. पण बसलो, उजवीकडे बाणाएवढाच रिकामा, न दिसणारा चौकोन ठेवला. लोगो बरोब्बर मधोमध. का केलं मी?

"आते बराबर शे, भाऊ." लगेच तिनं होणाऱ्या नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याला तो चौकोन दिसणारच नाही. हिला तरी कुठे दिसला?