चूक पोत्याचीच होती

३ मार्च, सोमवार

अखेर गुणांचं चीज झालं. आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात 'अधिकृत विरोधक' या नव्या पदावर माझी नेमणूक. साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आलेत. विरोधाशिवाय ना विज्ञान पुढे जातं, ना राजकारण, ना धंदा, असं तिथे कळलं म्हणे. म्हणून नियम केला: मीटिंगमध्ये कोणीही काहीही मांडलं की मी उठून विरोध करायचा. मगच निर्णय.

या पदासाठी माझ्याशिवाय दुसरं नावच सुचलं नाही, असं साहेब म्हणाले. निर्भीडपणा लपत नाही तो असा.

मोडेन पण वाकणार नाही, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं. हिला बातमी सांगितली. ही म्हणाली, आधी खालच्या मजल्यावरच्यांना विरोध करून या, रोज आपल्या जागेत स्कूटर लावतात. हिला तत्त्व आणि पार्किंग यातला फरक कळत नाही.

५ मार्च

पहिली मीटिंग. साहेबांनी पंखा लावायचा प्रस्ताव मांडला. उठलो होतो. पण खरंच उकडत होतं. उठलोच होतो म्हणून पंखा मीच लावला.

निश्चय: शक्ती फुकट घालवायची नाही. विरोध मोठ्या विषयाला.

६ मार्च, सकाळी ७

आरशासमोर सराव. "माझा याला सक्त विरोध आहे!" आवाज काय लागला! ही बाहेरून म्हणाली, बाथरूम मोकळी करा. केली.

९ मार्च, रविवार

सासरे आले होते. जन्म राजकारणात गेला. म्हणाले, आमच्या पक्षात विरोध करणाऱ्याला आधी हार घालायचे, मग घालवायचे. मी म्हटलं, आमच्याकडे हार वगैरे नाही, थेट पद दिलंय. सासऱ्यांनी हिच्याकडे बघून मान हलवली. कौतुक असावं.

१२ मार्च

मोठा विषय आला! मागे रेलणारी नवी खुर्ची. शाळांची मोठी ऑर्डर आहे. आमच्याकडे पद्धत अशी की नवीन खुर्चीवर आधी वाळूचं पोतं बसवून बघतात. चाचणीचं काम प्रयोगशाळेतल्या बाईंकडे. पोतं दर वेळी मागच्या मागे उलथलं.

कँटीनमध्ये बाईंनी मला गाठलं. पोरांची डोकी फुटतील हो, म्हणाल्या. साहेब माझं ऐकत नाहीत, तुमचं पद तरी कामी येऊ दे. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. बाईंचे डोळे भरून आले. माझेही. मी कोणासाठी तरी उभा राहणार, या विचाराने.

१४ मार्च

मीटिंग. तपशील नीट लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

साहेब म्हणाले, खुर्ची उत्तम आहे. मी विरोधाला उठणार, एवढ्यात बाईच उठल्या. खुर्ची कलंडते, पोतं पडतं, म्हणाल्या. साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, बाईंनी मत मांडलं. अधिकृत विरोधक, करा विरोध.

नियम म्हणजे नियम. उठलो. सक्त विरोध केला. आरशासमोर लागला होता तोच आवाज! पोत्याला बसायची सवय नसते, ते नीट टेकलं नसणार, चूक पोत्याचीच, असा मुद्दा मांडला. टाळ्या पडल्या. खुर्ची पास.

पदाचं कर्तव्य निःपक्षपातीपणे बजावलं. बाई बोलत नाहीत. जेवण गेलं नाही, पण ते भाजीमुळे.

१९ मार्च

शाळांचे लोक खुर्ची बघायला आले. साहेब म्हणाले, पोतं नको, जिवंत माणूस बसवू. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी विरोध करायचाच, असं ठरवून बसलो. म्हणजे खुर्चीवर बसलो. साहेब म्हणाले, रेला.

रेललो.

२० मार्च, डाव्या हाताने

उजवा हात प्लास्टरमध्ये. शाळांनी ऑर्डर रद्द केली. म्हणजे शेवटी ती खुर्ची मीच अडवली! हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, मोडलात खरे, पण वाकला असतात तर हात वाचला असता. बाई भेटायला आल्या. बोलल्या एकदाच्या. म्हणाल्या, पोरं वाचली. विरोधक म्हणून नाही, पण पोतं म्हणून तुमचा उपयोग झाला.

जाताना उशी नीट करून गेल्या. तेव्हा मात्र लाज वाटली.

२४ मार्च, सोमवार

कामावर हजर. साहेबांचा प्रस्ताव: विरोधामुळे नुकसान झालं, सबब अधिकृत विरोधक हे पद रद्द.

याला विरोध नक्की करणार होतो. पण उजवा हात गळ्यात, डाव्या हातात चहा. कप ठेवायला जागा शोधत होतो, तोवर बाई उठल्या. पद राहू द्या, म्हणाल्या, या माणसाला आज ना उद्या जमेल.

माझ्या बाजूने आजवर कोणी एवढं बोललं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, बाईंनी मत मांडलं.

उठलो. सक्त विरोध केला.

पद रद्द. चाचणीचं पोतं आपटून आपटून फाटलंय, म्हणून माझी बदली प्रयोगशाळेत. काही हरकत आहे का, असं साहेबांनी विचारलं. हरकत आहे. प्लास्टर निघालं की मांडणारच आहे.

बाईंनी माझं वजन विचारलं. सांगितलं.