मुख्याध्यापकांच्या कोटाचा उजवा खांदा

तीर्थरूप दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला एव्हाना थांबला असेल असं धरून चालतो. आम्ही सगळे मजेत. मी तर फारच मजेत, कारण हल्ली मला झोप येते.

तीन महिने डोळ्याला डोळा लागत नव्हता. (काजं हाताने करायची की मशीनवर, यावरून आपलं वाजलं आणि तू दुकान सोडून गेलास, त्याचा नि झोपेचा काही संबंध नाही. तारीख तेवढी जुळते.) शेवटी डॉक्टरांकडे गेलो, तेही स्वतःहून. बायको फक्त दारापर्यंत आली आणि मी आत जाईपर्यंत तिथून हलली नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, घेतली की पंधरा मिनिटांत आडवं व्हायचं, मध्ये कसलंही काम नाही. आता जन्मभर टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं? दुकान ते घर चालत बरोबर चौदा मिनिटं. म्हणून गोळी दुकानातच घ्यायची, शटर ओढायचं, घरी जाऊन थेट गादी गाठायची. चार दिवस अगदी तंतोतंत जमलं.

पाचव्या दिवशी गोळी घेतली आणि म्हटलं, मुख्याध्यापकांच्या कोटाचं कापड टेबलावर पसरलेलंच आहे, खडूच्या चार रेघा मारून निघू. (शनिवारी त्यांचा निरोप समारंभ. कापड लेकीने परगावाहून पाठवलेलं, तसलं पुन्हा मिळायचं नाही.) पुढचं मला आठवत नाही. बायको म्हणते, ती शोधत आली तेव्हा मी इस्त्रीच्या टेबलाखाली अस्तराचं ठाण कवटाळून घोरत होतो. तिला वाढवून सांगायची सवय आहे, तुला माहीतच आहे.

सकाळी दुकान उघडून पाहतो तर कोट कापून, कच्चा टाचून, हँगरवर लावलेला. काम इतकं फर्मास की मी स्वतःचीच पाठ थोपटली. मग टेप लावला. मुख्याध्यापक काडीपैलवान, आणि कोट छातीत चार इंच जास्त, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. मापांची वही पहिल्या पानापासून चाळली. असा खांदा एकाही गिऱ्हाइकाचा नाही. वीस वर्षं उजव्या हाताने जड इस्त्री ओढलेल्या माणसाचा तो खांदा, आणि त्याचं माप आपण वहीत कधी लिहिलंच नव्हतं. दादा, मी त्या हँगरसमोर बसून रडलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एवढं बरं.

काळजीचं काही कारण नाही. मोठा कोट लहान करता येतो, आणि ते मला उत्तम जमतं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : छाती आत घेऊन झाली. खांदा उसवायला मात्र तीनदा कात्री उचलली आणि तीनदा ठेवली. माझा हात धजत नाही. शनिवारच्या आत येऊन तेवढा खांदा तू उसव.

आणखी ता. क. : काजं केलेली नाहीत. कशी करायची ते तूच ठरव, मी चकार शब्द काढणार नाही.

शेवटचा ता. क. : गोळी डॉक्टरांनी सोमवारीच बंद केली. मला झोप येते असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं.