घरचं पान मागून

आई, तू आयुष्यात कधी पत्त्यांना हात लावला नाहीस, आणि तरीही गेल्या महिन्यात पत्त्यांचा एक खेळ समजावून सांगताना मी जे उदाहरण दिलं ते तुझ्या स्वयंपाकघरातलं होतं. त्या उदाहरणाने मला नोकरी मिळवून दिली. हे तुला अगदी पहिल्यापासून, नीट क्रमाने सांगायचं आहे. तू मध्येच उठून दूध उतू जातंय का ते बघायला जाणार नाहीस, याची आता खात्री असल्यामुळे मी सावकाश सांगणार आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरीची परवानगी नसते. तू हट्टाने शिकवलेली, संख्याशास्त्रात पदव्युत्तर झालेली तुझी मुलगी कित्येक वर्षं फक्त स्वतःच्या लेकीला गृहपाठ समजावत राहिली. ग्रीन कार्ड हाती आलं त्याच आठवड्यात मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केला. बोलावणं आलं. वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, समोर खरे विद्यार्थी, मागच्या रांगेत तीन प्राध्यापक, आणि विषय संभाव्यता. उदाहरण मात्र रोजच्या जगण्यातलं हवं. एवढ्या वर्षांच्या खंडानंतर कोणीतरी दार किलकिलं केलं होतं. पाठ फसला तर ते पुन्हा उघडेल, असं मला वाटत नव्हतं.

उदाहरण मिळालं ते शेजारच्या डॉक्टरकाकांमुळे. काका फार पूर्वी इथे आले, आता निवृत्त आहेत आणि महिन्यातून एकदा बसने अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जातात. त्यांचा आवडता खेळ ब्लॅकजॅक. तुला तो थोडक्यात सांगते. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. एकवीस ओलांडले की डाव फुटला. खेळणारा कॅसिनोच्या माणसाविरुद्ध खेळतो, त्या माणसाला डीलर म्हणतात.

"कॅसिनोवाले कमावतात ते मशीनवर," काका आमच्या ओट्याशी उभे राहून मला सांगत होते. "ब्लॅकजॅकमध्ये काय कमावणार? दोघांनाही त्याच गड्डीतली पानं. उलट डीलर बिचारा नियमाला बांधलेला. सोळापर्यंत घ्यायचंच, सतराला थांबायचंच. आपल्याला डोकं वापरता येतं. मग फायदा कोणाचा?"

"बसवाल्याचा," काकू म्हणाल्या.

मला त्यांचा प्रश्न इतका आवडला की मी लगेच गड्डी काढली आणि दोन वाट्यांत शेंगदाणे ओतले. मी डीलर, काका खेळणारे. अट एकच घातली: काकांनीही डीलरच्याच नियमाने खेळायचं, सोळापर्यंत घ्यायचं आणि सतराला थांबायचं. नियम सारखा, पानं सारखी, तर निकालही सारखा यायला हवा. काका खुशीत बसले. चहा झाला, पोहे झाले, आणि हळूहळू त्यांची वाटी खाली जाऊ लागली. मग तो डाव आला. काकांचे दहा आणि सहा. त्यांनी पान मागितलं, आठ आले. चोवीस. मी त्यांची पानं उचलली, शेंगदाणे माझ्याकडे ओढले आणि माझा डाव पूर्ण केला. माझे दहा आणि पाच, वर नऊ. माझेही चोवीस.

"थांब, थांब," काका म्हणाले. "तूही फुटलीस. दोघंही फुटलो म्हणजे बरोबरी. माझे शेंगदाणे परत ठेव."

"नाही काका," मी म्हणाले, "तुमचं पान आधीच उचललं ना."

"अहो, रडी कशाला खाता?" काकू म्हणाल्या. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य मी ऐकत होते, आणि ते मला तुझ्या आवाजात ऐकू येत होतं.

मी अकरा वर्षांची आहे. बाबांच्या ऑफिसातले लोक जेवायला आले आहेत, श्रीखंड-पुरीचा बेत आहे, आणि मला इतकी भूक लागली आहे की मी पाहुण्यांच्या ओळीत टोकाच्या पाटावर जाऊन बसले आहे. तू पुऱ्या घेऊन बाहेर येतेस, माझ्यासमोरचं पान उचलतेस आणि हलक्या आवाजात म्हणतेस, "ऊठ. घरचं पान मागून." मी स्वयंपाकघरात येऊन फणकारते, "मागून बसून मिळतं काय?" तू पुरी उलटतेस. जरा विचार करून, एखाद्या मोठ्या माणसाला द्यावं तसं मला उत्तर देतेस: "मागून बसलं की घाई नसते. आपलं पान उचलायला कोणी उभं नसतं. आणि उरेल ते घराचंच." त्या दिवशी श्रीखंड उरलंच नाही. तू पातेलं बोटाने निपटलंस आणि ते बोट माझ्या तोंडात घातलंस.

आई, ब्लॅकजॅकमधल्या कॅसिनोच्या साऱ्या नफ्याचं मूळ तुझ्या त्या तीन वाक्यांत आहे. इथे कॅसिनोला काय म्हणतात ठाऊक आहे? हाऊस. म्हणजे घरच. मी वर्गात हेच फळ्यावर मांडलं. आधी आमच्याकडची पंगत सांगितली: पाहुणे आधी, घरचे मागून. मग म्हटलं, ब्लॅकजॅकच्या टेबलावरही पाहुण्यांचा हात आधी आणि घराचा मागून. आता डीलरच्याच नियमाने खेळणारा पाहुणा घ्या. शंभर डावांत तो साधारण अठ्ठावीस वेळा फुटेल, आणि घरही तितक्याच वेळा. अठ्ठावीस टक्क्यांचे अठ्ठावीस टक्के काढा, जवळजवळ आठ. म्हणजे शंभरांतले सुमारे आठ डाव असे, की ज्यांत दोघंही बुडतात. न्यायाने ती बरोबरी. पण पाहुण्याचं पान आधीच उचललेलं असतं, त्याचे पैसे गेलेले असतात, आणि घर मागाहून फुटलं तरी परत कोणाला द्यायचे? उरेल ते घराचंच.

घर काही परतही करतं, तेही मी सांगितलं. एक्का अकराही धरता येतो; तो आणि दहाचं पान पहिल्याच वाटणीत आलं, म्हणजे थेट एकवीस झाले, तर दीडपट देतात, त्यामुळे आठाचे साडेपाचाच्या आसपास उतरतात. आणि खेळणाऱ्याने खरोखर डोकं वापरलं, डीलरचं जे एक पान सुरुवातीपासून उघडं असतं ते कमकुवत असताना बारा-तेरावरच थांबायचा संयम दाखवला, योग्य वेळी पैज दुप्पट केली, तर घराचा वाटा शंभर डावांमागे जेमतेम अर्ध्या डावावर येतो. इथे काका बरोबर होते, आणि मी ते त्यांना जाहीरपणे कबूल केलं आहे. पण हल्ली काही टेबलांवर दीडपटीऐवजी पाचाला सहा देतात. एवढ्याशा बदलाने त्या अर्ध्याचे जवळजवळ दोन होतात. शिवाय तो अर्धाही घराला पुरतो, कारण घर हजारो पाहुण्यांना वाढत असतं. एखादा पाहुणा भरल्या खिशाने उठून गेला तरी बिघडत नाही. घराला घाई नसते.

शेवटच्या बाकावर उलटी टोपी घातलेला एक मुलगा बसला होता. त्याने विचारलं, "मग ही फसवणूक नाही का?" मी म्हटलं, नाही, सगळे नियम उघड असतात. फसवावं लागतच नाही, हेच तर या रचनेचं सौंदर्य. तो म्हणाला, "म्हणजे 'आधी तुम्ही' असं म्हणण्याचेच ते पैसे घेतात." वर्ग हसला. मागच्या रांगेत इतका वेळ हाताची घडी घालून बसलेल्या प्राध्यापिकाबाईंनी पेन उचललं आणि त्याचं वाक्य लिहून घेतलं. आई, त्या क्षणी मला कळलं की जागा माझी आहे. वीस मिनिटं संपली होती, आणि मुलं उठत नव्हती.

काल फोन आला: सप्टेंबरपासून शिकवायला या. फोन ठेवल्यावर मी आधी लेकीला उचलून गरगर फिरवलं, ती उचलण्याच्या वयाची उरली नाही तरी. "मॉम, पुट मी डाउन," ती ओरडत होती. आणि मग मी चक्का बांधून ठेवला.

त्या घरात आणि आपल्या घरात फरक काय, हे मी वर्गात सांगितलं नाही. तो गणिताचा भाग नव्हता. ते घर मागून बसतं आणि भरत जातं. तू मागून बसायचीस आणि तुझ्या वाट्याला निपटलेलं पातेलं यायचं. शब्द तेच, "उरेल ते घराचं", पण तू पाहुण्यांना इतकं वाढायचीस की उरायचं काही नाही. तुझ्या हिशेबाने कॅसिनो चालवला असता तर तो पहिल्याच दिवशी बंद पडला असता, आणि गाव मात्र जेवून तृप्त झालं असतं.

आज काका-काकू जेवायला येत आहेत. काकांनी दारातूनच ओरडून विचारलं, "आज हाऊस काय वाढणार?" मी म्हटलं, "श्रीखंड-पुरी. शेंगदाणे तुम्ही आणा." ते येईपर्यंत हे लिहून काढलं; पाठवायला आता तुझा पत्ता नाही, म्हणून पाठाच्या टिपणांत ठेवून देते, तिथे ते बरं राहील.

आणि एक सांगायचं राहिलं. मघाशी पहिली पुरी टम्म फुगली, तेव्हा घरात कोणी नव्हतं. देवालाही अजून दाखवायचं होतं. मी ती तशीच, गरम, श्रीखंडात बुडवून ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ली. मग दुसरीही खाल्ली. फार छान लागली, आई.