बिल्ला नंबर ४१७

३१ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण, पुरावा. उद्या कोर्टात कोणी विचारलं तर तारीखवार सगळं तयार पाहिजे.

काल दुपारी सव्वातीन. शैलजाकाकूंच्या आयसेलिनच्या मिठाईच्या दुकानातून पार्सिपनीच्या गणपती मंडळाला तीनशे उकडीचे मोदक निघाले. व्हॅन मी ड्राइव्ह करत होतो. शेजारी टेरेन्स. टेरेन्स म्हणजे आमच्याकडं कढया धुणारा, माल उचलणारा. इथलाच, अमेरिकेतला काळा माणूस, पन्नाशीच्या पुढचा. वाटेत एका गावात (नाव लिहीत नाही, लिहिलं की डोकं तडतडतं) पोलिसानं मागून लाल-निळे दिवे लावले.

मी रीतीनं वागलो. माझे सख्खे चुलते पंधरा वर्षं पोलीसपाटील. आमच्याकडं फौजदाराची जीप आली की माणूस जागेवर बसून राहत नाही. उठतो, पुढं जातो, रामराम करतो. मी उतरलो. हसत पुढं गेलो. कागद काढायला खिशात हात घातला. तर तो पिस्तुलावर हात ठेवून ओरडला. मला, पाटलाला, रस्त्याच्या कडेला खाली बसवलं. येणारे-जाणारे बघत होते. मोदकांचे डबे उघडून तपासले. हातमोजे घालून. नैवेद्याला! चाळीस मिनिटं. शेवटी काय, तर मागचा ब्रेकचा दिवा बंद म्हणून तिकीट, म्हणजे दंडाची पावती.

टेरेन्सलाही उतरवलं होतं. पण तो इथलाच, त्याला सवय असेल.

बिल्ला नंबर ४१७. पाठ आहे. हा सरळ सरळ वर्णद्वेष. सोडणार नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

संकल्प. एक, ४१७ ची नोकरी घालवायची. दोन, त्यानं दुकानात येऊन माफी मागायची, टोपी काढून, गिऱ्हाइकांसमोर. तीन, माफी मागताना त्याला खाली बसवायचं. मांडी घालून. चार, इंग्रजी सुधारायचं. भांडताना शब्द कमी पडतात.

काकू म्हणाल्या, ज्ञानदेव, तो दिवा बदल म्हणून मी जुलैपासून सांगतेय तुला. मी म्हटलं, काकू, विषय दिव्याचा नाही, तत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, तत्त्व राहू दे, आधी बल्ब आण.

दिवा मुद्दाम बदलणार नाही. पुरावा आहे तो.

३ सप्टेंबर, बुधवार

ताईचा श्रूजबरीहून फोन. तिनंच आईला इकडं आणलं, मग आईनं मला. त्यामुळं तिला वाटतं मी तिच्या मालकीचा. म्हणाली, गप तिकीट भर, नववी दोनदा नापास झालेल्यानं अमेरिकेच्या पोलिसांशी भांडू नये. मी म्हटलं, अन्यायाला शिक्षण लागत नाही. वाक्य चांगलं जमलं. पण तिनं तोपर्यंत फोन ठेवला होता.

ताईचं नाव बदल्याच्या यादीत घातलं. ४१७ नंतर तिचा नंबर.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. टोकन नंबर ४१७ एका आजीबाईंच्या हाती आलं. त्यांना मुद्दाम गार समोसे दिले. त्या थँक्यू बेटा म्हणाल्या. जरा वाईट वाटलं. पण बदला घ्यायचा म्हटलं की एवढं होणारच.

७ सप्टेंबर, रविवार

वकील मिळाला! धम्मदीप. नागपूरचा. रविवारी पोहे खायला येतो. ज्यांच्या पोलिसांविरुद्ध तक्रारी असतात त्या लोकांना फुकट मदत करणाऱ्या ऑफिसात आहे. पोहे वाढता वाढता त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, संध्याकाळी घरी ये, नीट लिहून घेऊ.

गेलो. बसल्या बसल्या आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. कळलं. तेवढ्यात पाणी आलं. मी सगळं पिऊन टाकलं, वर आणखी एक ग्लास मागून घेतला. मी असलं काही मानत नाही हे त्याला दिसावं म्हणून. तो म्हणाला, तिसरा देऊ का? मी म्हटलं, दे की. तो हसत होता. मोकळा माणूस आहे.

मग म्हणाला, इथं सगळ्यांना सारखी वागणूक मिळायला पाहिजे, असा कायदा आहे. मी म्हटलं, सारखी नको, मला नीट पाहिजे. त्यानं पेन खाली ठेवलं. मुद्दा पटला असावा.

शेवटी त्यानं विचारलं, गाडीत आणखी कोण होतं? मी म्हटलं, होता एक दुकानातला. म्हणाला, तो साक्षीदार. त्याला विचार.

९ सप्टेंबर, मंगळवार

टेरेन्सला विचारलं. कढई घासत होता. म्हणाला, सोड ना, डेव्ह. (मला डेव्ह म्हणतो. ज्ञानदेव म्हणायला तीन वर्षं शिकवलं. जमत नाही.) मी म्हटलं, तू फक्त सांग काय झालं ते. तो म्हणाला, मी होतो तिथं. मला माहितीय काय झालं.

मी म्हटलं, मग सांग की! तर पाणी जोरात सोडलं. पुढचं काही ऐकू आलं नाही.

घाबरट. माझ्या जागी तो असता तर मी हजार वेळा साक्ष दिली असती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

टेरेन्स गेले पंधरा दिवस व्हॅनमध्ये बसत नाही. म्हणतो, गुडघा दुखतो. मग माल मी एकट्यानं उतरवायचा. त्याचंही नाव यादीत. ताईच्या खाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज झोपच येणार नाही. धम्मदीप म्हणाला, पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो. सगळं रेकॉर्ड होतं, आवाजासकट. आपण मागितलं तर मिळू शकतं.

म्हणजे ४१७ नं स्वतःचा पुरावा स्वतःच्या छातीवर लावून ठेवलाय! मूर्ख!

धम्मदीपला म्हटलं, माग. तो म्हणाला, ज्ञानदेव, व्हिडिओत सगळं दिसतं हं. मी म्हटलं, तेच तर पाहिजे, यार.

२४ सप्टेंबर, बुधवार

तयारी. कोर्टासाठी इस्त्रीचा शर्ट. माफीच्या दिवसासाठी दुकानातली उंच खुर्ची, माझ्यासाठी. ४१७ ला काही नाही. रोज इंग्रजीचे पाच शब्द. आजचे, डिग्निटी, ह्युमिलिएशन. तीन राहिले.

दिवा अजून बदललेला नाही. काकू आज माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त बल्बचा फोटो पाठवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हिडिओ आला. माझ्या फोनवर लिंक. बघितला नाही. एकट्यानं बघून काय उपयोग? रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, ज्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेट लावतात त्यावर लावायचा. काकू, स्वयंपाकघरातले सगळे, दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं. आणि टेरेन्सला सगळ्यात पुढं बसवायचं. माझ्यावर काय बेतलं ते त्यानं बघावं आणि लाजावं.

धम्मदीप म्हणाला, मी अजून बघितलेला नाही. आधी आपण दोघंच बघू, मग ठरवू. मी म्हटलं, तू पोहे खायला ये फक्त. वकिलांना घाबरायची सवयच असते.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी सात

आज न्याय. इस्त्रीचा शर्ट घातलाय. समोसे माझ्या हातानं तळले. गरम.

त्याच दिवशी, दुपारी

आवाज नीट नव्हता.

नाही. आवाज नीट होता.

सुरुवातीला सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत. पोलिसाच्या गाडीतून स्पीकरवर आवाज, गाडीतच बसा. पुन्हा, गाडीतच बसा. तिसऱ्यांदा. आमच्या व्हॅनची खिडकी उघडी होती. आतून टेरेन्सचा आवाज, डेव्ह, बस खाली, मॅन, बस. मग दार उघडलं आणि मी उतरलो, हसत, हात खिशात. मोठ्या टीव्हीवर माझं हसू फार मोठं दिसतं. ४१७ ओरडला. मी हात वर केले. इथपर्यंत मी लिहिलंय तसंच.

मग ४१७ चा आवाज एकदम खाली आला. म्हणाला, सर, कडेला सावलीत बसा. सर! दोनदा सर म्हणाला. हे मला आठवतच नव्हतं.

मग त्यानं विचारलं, गाडीत तो कोण? टीव्हीवर मी व्हॅनकडं बघितलं. टेरेन्सचे दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर, बोटं पसरलेली. तो पहिल्यापासून तसाच बसला होता. आणि टीव्हीवरचा मी म्हणाला, आय डोन्ट नो हिम, सर. चेक हिम. मी चांगल्या घरचा. पोलीस फॅमिली. चेक हिम.

मग ४१७ पलीकडच्या बाजूला गेला. टेरेन्सला सर म्हणाला नाही. गुडघ्यांवर बसवलं, हात मागं, बेड्या. टेरेन्स एकदाच म्हणाला, माझा गुडघा खराब आहे, बसता येईल का? घड्याळ कोपऱ्यात पळत होतं. एकतीस मिनिटं तो तसाच. मी सावलीत. मधे एकदा मी डबा उघडून ४१७ ला मोदक पुढं केला. त्यानं घेतला नाही.

काकूंनी रिमोट शोधला, सापडला नाही. शेवटपर्यंत चाललं.

टेरेन्सनं समोसा संपवला. प्लेट धुतली, जागेवर ठेवली. जाताना म्हणाला, सांगितलं होतं ना, मी होतो तिथं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा होता. छातीवरून माणूस नेहमीच वाईट दिसतो.

घाबरलेला माणूस काहीही बोलतो. ते मी नव्हतो, ती भीती होती. आणि मी म्हटलं नसतं तरी ४१७ नं त्याला उतरवलंच असतं. म्हणजे माझ्या बोलण्यानं काहीच फरक पडला नाही. काकूंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, फरक पडणार नव्हता, तर बोललास कशाला?

काकूंचं नाव यादीत घालणार होतो. यादीत आता जागा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मदीप आला होता. पोहे घेतले नाहीत. म्हणाला, तक्रार मजबूत आहे. मी उठून उभा राहिलो. म्हणाला, तुझी नाही, टेरेन्सची. काल मी त्याच्याशी बोललो. आता सगळ्यांनी बघितलंच आहे, तर होऊ दे म्हणाला.

म्हणजे ४१७ ला हिसका बसणार! बदला पुरा! फक्त माझ्या नावानं नाही.

मी म्हटलं, मग माझं काम काय? धम्मदीप म्हणाला, तू साक्षीदार. नीट बोललास तर त्याच्या कामी येईल. मी म्हटलं, मी काय बोलू, सगळं तर रेकॉर्ड आहे. तो म्हणाला, हो. म्हणूनच खरं बोलावं लागेल.

जाताना पाणी मागितलं त्यानं. मी आणून दिलं. एक घोट घेऊन म्हणाला, दुसरा ग्लास नको.

११ ऑक्टोबर, शनिवार

यादी फाडली. उंच खुर्ची परत गोदामात नेऊन ठेवली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

साक्षीदाराचा फॉर्म दुकानात आला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. तारीख, वेळ, बिल्ला नंबर, सगळं पाठ आहे. चौथा रकाना, तक्रारदाराला तुम्ही ओळखता का, किती वर्षांपासून.

टेरेन्स मागं कढया घासत होता. फॉर्म घेऊन त्याच्याकडं गेलो. म्हटलं, टेरेन्स, इथं काय लिहू? त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, ते तू त्यांना आधीच सांगितलंयस, डेव्ह.

त्यानं कढई विसळली, दुसरी घेतली.

संध्याकाळी ब्रेकचा दिवा बदलला. चार मिनिटांचं काम. पण लागतो की नाही हे एकट्याला बघता येत नाही. मागं उभं राहायचं तर आत कोणीतरी ब्रेक दाबून बसायला लागतं.