टँकरवरची हसरी गाय

७ जानेवारी
दैवशाला माहेरी निघून गेली, टेंभुर्णीला. काल जेवताना भाजी खारट म्हणलो, तेच बायकोच्या मनाला लागलं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून राह्यलो होतो, तेवढ्यात गेली. व्हिडिओत सांगत होते, मन दुखावलं की कलावंताचा हात खुलतो. अन् आजच कल्याणशेठच्या दुधाच्या टँकरवर हसरी गाय काढायचं काम आलं! आजवर शहागडात ट्रकांवर नुसती अक्षरं लिहिली. आता माझं खरं आर्ट दिसणार. तिला फोन करायचा न्हाई. बिलकुल.

९ जानेवारी
गाय काढली. डोळ्यांत जीव ओतला. शेजारचे चहावाले पाशामियाँ म्हणले, बेचारी बीमार आहे का. लोकांना दुःख कळत न्हाई.

१० जानेवारी, दुपारी
कल्याणशेठ टँकरभोवती एक चक्कर मारून आले. मंग म्हणले, "आदिनाथ, रडत्या गाईचं दूध कोण घेणार?"
ओठ वर वळवले. आता पोट दुखल्यासारखी दिसती. दात काढले तर घोडा झाला. पुसलं.

१२ जानेवारी
फोन केला. फक्त टर्पेंटाइन कुठंय विचारायला. तिनं सांगितलं अन् ठेवला. मागून रडणं ऐकू आलं. तिचंच असणार.

१४ जानेवारी
संक्रांत. घरात तीळगूळ न्हाई. उद्यापर्यंत गाय हसली न्हाई तर स्टिकर लावतो, असं शेठनं सांगितलं. हात चालंना. कला बुडाली तर जबाबदार दैवशाला.

१५ जानेवारी
शेठकडून दोन दिवस मागून घेतले अन् टेंभुर्णीला गेलो. एसटीत माफी पाठ केली. सगळी म्हणून झाल्यावर दैवशाला म्हणली,
"भांडून कोण आल्तं? शालूला बाळ झालं म्हणून आले. सांगूनच निघाले की. तुम्ही मोबाइलात होता."
शालू म्हणजे तिची धाकटी बहीण. बाळ माझ्या मांडीवर दिलं. ते रडायला लागलं. एवढ्या दिवसांचं दुःख मिनिटात गेलं. ते गेल्याचं जरा वाईटही वाटलं.

१७ जानेवारी
मन एकदम प्रसन्न. सकाळी दैवशाला फोनवर हसलीसुद्धा. ताजा रंग कालवला, गाय पहिल्यापासून काढली. संध्याकाळी पाशामियाँनी न सांगता चहा पाठवला. पैसे घेतले न्हाईत. शेठ स्टिकरवाल्याला घेऊनच आले.
गाय रडूनच राह्यली.
कवापासून पेन धरून बसलोय. आज कारण काय लिहावं, सुचंना.