शर्यतीची ढाल

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार,

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल शाळाशाळांची पाच किलोमीटरची शर्यत झाली. सगळी वाट चिखलाची. माझ्यापुढे धावणारी आमचीच कॅप्टन वळणावर झाडीत घुसली आणि थेट पुढच्या वाटेवर निघाली. मी डोळ्यांनी पाहिलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "गप्प बस. ढाल आपल्याच शाळेला मिळतेय ना?"

शिसारी आली, बाबा. त्या ढालीला हात लावून फोटो काढायचा? मी सरळ पंचांकडे गेले. ढाल परत गेली.

पण काळजी करू नका, वसतिगृहातलं जेवण चांगलं आहे. शेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे ऐसपैस जेवते.

तुमचीच,
धाकटी